डाव्या पाकळीचा प्रश्न

दादाचा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर अर्धं वर केलं होतं. मुळगावचा हा माझा चुलतभाऊ वासुदेव फोनवर अगदी बेताने बोलतो, जणू एकेक शब्द बाजारातून आणावा लागतो. "बाबल," म्हणाला, "ती गेली रे." त्यांच्या गोठ्यातली तांबडी गाय काही दिवस आजारी होती आणि आदल्याच दिवशी मी त्याला डिचोलीच्या गुरांच्या डॉक्टरचा नंबर पाठवला होता. मी अगदी मनापासून विचारलं, "अरेरे, तांबडी?" तो म्हणाला, "तांबडी बरी आसा. सुमती गेली." मरणाची बातमी ऐकून आधी गायीची चौकशी करणारा माणूस म्हणून आता घराण्यात माझं नाव झालं आहे, आणि ते तसं रास्तच आहे. पण माझीही बाजू थोडी ऐका. दादाच्या तोंडी 'ती' हा शब्द इतकी वर्षं इतक्या कामांना जुंपलेला होता, की गाय, वीज, पंचायत आणि सख्खी बहीण या सगळ्या 'ती'च असत. कोणती ते ऐकणाऱ्याने आवाजावरून ओळखायचं. मला ते कधीच धड जमलं नाही.

सुमती म्हणजे आमची सुमताय, दादाची धाकटी बहीण, माझ्याहून मोठी. डिचोलीच्या शाळेतून निघून ती परदेशात गेली आणि नंतर आपल्याच देशातल्या एका मोठ्या संस्थेत आली. तिथे ती कृत्रिम पेशींवर संशोधन करायची. म्हणजे नेमकं काय करायची, हे सांगण्याची जबाबदारी घराण्याने माझ्यावर टाकली आहे. कारण पेडण्यात माझं झेरॉक्सचं दुकान आहे, आणि ज्याच्या हातात दिवसभर कागद असतात त्याला सगळं कळतं, असा आमच्याकडे समज आहे. आम्ही बोलतो कोकणीत, भांडतो कोकणीत, पण कागद पुढे आला की मराठीत शिरतो. तर कागद पुढे आहे. सुमतायने मला जितकं सांगितलं तितकंच लिहितो. माझं मशीन जुनं आहे, प्रतीवर मध्ये एखादी काळी रेघ आली तर ती माझी.

स्निग्ध पदार्थाची अगदी पातळ कातडी असलेली, डोळ्यांना न दिसणारी एक पिशवी असते. आत पाणी, आणि त्या पाण्यात जंतूंमधून काढून घेतलेली थोडी यंत्रसामग्री. त्यात डीएनएचा तुकडा घातला की पिशवी तो वाचते आणि सांगितलेलं प्रथिन बनवते. ती जिवंत नाही. खात नाही, वाढत नाही, पिल्लं घालत नाही. पण जिवंत पेशी जी शेकडो कामं करते त्यातलं एखादं करून दाखवते. सुमतायचं काम याच्या पुढचं होतं. अशा दोन पिशव्या पाण्यात शेजारी ठेवायच्या आणि एकीने दुसरीला काहीतरी सांगायचं. तोंड नाही, कान नाही, तार नाही. पहिली एक लहानसा रेणू बनवते. तो कातडीतून बाहेर पाझरतो आणि पाण्यात धक्के खात, वाट फुटेल तिकडे भटकतो. बरेचसे वाया जातात, थोडे दुसरीपर्यंत पोचतात. तिच्या आत त्या रेणूला ओळखणारं प्रथिन असेल तर ती हिरवी उजळते. जंतू एकमेकांना हाका मारतात त्या अशाच, हाक मारायचे रेणूही तिने त्यांच्याकडूनच उसने घेतले होते. "हाक मारणं जमलंय," ती म्हणायची. "ओ देणं कठीण." पहिलीने सांगायचं, दुसरीने ऐकून उलट काही सांगायचं आणि ते पहिलीला कळायचं, यात तिची मधली सगळी वर्षं गेली. पुढेमागे अशा पिशव्या शरीरात सोडता येतील, आजारी पेशीचा निरोप ओळखून त्या तिथल्या तिथे औषध सोडतील, हा यामागचा दूरचा हिशेब. शेवटी ती स्वतः आजारी होऊन मुळगावच्या घरी आली तेव्हा भेटायला आलेल्या एका बाईने विचारलंच, "मगे तुमचे ते बुडबुडे तुमका कित्याक घालनात?" म्हणजे तुम्हालाच का नाही सोडत. सुमताय तिला शांतपणे म्हणाली, "अजून ते एकमेकांना 'आहेस का गे' एवढंच विचारतायत, मावशी. माझ्या पोटाचं विचारायला वेळ आहे."

आता दादा आणि तिच्यातल्या अबोल्याचं. त्यासाठी प्रसाद पाकळीबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे घरातलं मोठं काम अडलं की ग्रामदेवतेला विचारतात. भट देवीच्या मूर्तीवर उजव्या नि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो. विचारणारा हात जोडून प्रश्न मनात धरतो. कोणत्या अंगाची पाकळी आधी पडते ते सगळे बघतात, मग विचारणारा उठून सांगतो की देवीने काय सांगितलं. सहसा उजवी म्हणजे होकार, डावी म्हणजे नकार. सुमतायला परदेशातून बोलावणं आलं, तेव्हा काका जाऊन बराच काळ झाला होता आणि घराचा कर्ता दादा होता. काकी मुलीला पाठवायला तयार नव्हती. तिचं एकच, "देवी म्हणत असेल तर पाठवा, माणसांचं मी ऐकत नाही." म्हणून दादाने प्रसाद लावला. गर्भागाराच्या उंबऱ्याशी तो हात जोडून बसला, मंडपात काकी, गावच्या बायका, चार मोठी माणसं, आणि खांबाला टेकून मी. खांबाला टेकून बघणं हे काम मी आयुष्यभर चोख केलं आहे. पाकळी बराच वेळ पडेना. मग पडली, ती डावी. मंडपातून "अरे देवा" असा हलका आवाज आला, काकीने पदर डोळ्यांना लावला, आणि दादा काही सांगायला उठतोय तेवढ्यात सुमताय सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "डावीच पडणार! समई डावीकडे आहे. त्या बाजूची पाकळी आधी सुकते, सुकली की सुटते. समई उजवीकडे ठेवा, उजवी पडेल!"

थोडे लोक हसले. भटालाही हसू आलं, ते त्याने खोकल्यात घातलं. दादाने उघडलेलं तोंड मिटलं, तीर्थ घेतलं आणि कोणाकडे न बघता घरी निघून गेला. देवीने काय सांगितलं ते विचारणाऱ्याने उठून सांगायचं असतं, पण ते राहूनच गेलं. सगळ्यांनी डावी बघितली होती, सांगायचं काय उरलं होतं! काकीने धरून ठेवलं की देवी नको म्हणाली आणि पोर देवीच्या तोंडावर बोलून निघाली. सुमतायने धरून ठेवलं की भावाने देवीला पुढे करून आपली वाट अडवली. ती जायच्या दिवशी दादा मला एवढंच म्हणाला, "बाबल, तिला गाडीत बसवून ये." तिथून 'ती' सुरू झाली.

अबोला म्हणजे बोलणं बंद, असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या घरी यावं. बोलणं भरपूर होई, फक्त मध्ये कोणीतरी लागे. ती सुट्टीला आली की मला पेडण्याहून बोलावणं. दोघं एकाच पडवीत, पाच हातांवर. दादा म्हणणार, "बाबल, तिला सांग, मये तळ्यावर आता होड्या सोडल्या आहेत, बघून ये म्हणावं." मी मान वळवून तिला सांगणार. ती म्हणणार, "त्याला सांग, होड्या बघायला मी विमानातून आले नाही." मी मान वळवून त्याला सांगणार. दोघांचे कान शाबूत होते. तरी मी न बोलता नुसता बसलो तर दोघंही माझ्याकडे रागाने बघत. मी नसलो तर दादा तांबडीच्या आईशी बोले आणि सुमताय वयनीशी. वयनी म्हणजे दादाची बायको, या घरातली एकमेव माणूस जी ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशीच बोलते. एकदा सुमताय मला कौतुकाने म्हणाली, "बाबल, तू रेणू आहेस." म्हटलं, "म्हणजे काय गो?" म्हणाली, "इथून सुटतोस, तिथे चिकटतोस. आपण काय घेऊन चाललोय ते तुला माहीत नसतं. माहीत नसलेलंच बरं, कळलं असतं तर तू त्यात स्वतःचं घातलं असतंस." मला आजवर लोकांनी पुष्कळ काय काय म्हटलंय, त्या मानाने हे सभ्य होतं. मी घरी जाऊन बायकोलाही सांगितलं. तिला फारसं आश्चर्य वाटलं नाही.

आजार वाढला आणि सुमताय मुळगावला राहायलाच आली. संस्थेने, डॉक्टरांनी, सगळ्यांनी हात टेकल्यावर माणूस कुठे येणार... दादाने मागची खोली तिच्यासाठी चुन्याने रंगवून घेतली. खाणीच्या ट्रकांची तांबडी धूळ त्या बाजूला कमी येते. "तिला सांग, खिडकीला जाळी बसवली आहे." मी सांगितलं. "त्याला सांग, दिसतेय." मी सांगितलं. वयनी एकदा मला चुलीकडे नेऊन म्हणाली, "बाबल, ही दोघं अशीच राहिली आणि ती गेली, तर हा माणूस उरलेलं आयुष्य गाईशी बोलत काढील. मी ते ऐकत बसू?" भीती खरी होती. सुमतायकडे दिवस थोडे होते, आणि दादा आपण होऊन कधी तोंड उघडेल असं कोणालाच वाटत नव्हतं. मला तर मुळीच नाही. माझ्यावर सोपवलं असतं तर मी अजूनही इकडचं तिकडे पोचवत बसलो असतो.

त्या दिवशी बरं वाटत होतं म्हणून सुमताय स्वयंपाकघरात पाटावर येऊन बसली होती. वयनी बांगड्यांचं हुमण ढवळत होती, मी दारात नारळ किसायच्या बहाण्याने बसलो होतो, आणि मागच्या अंगणात दादा सुपाऱ्या सोलत होता. हुमणावर तेलाचे डोळे तरंगत होते. वयनीने डावाने एक डोळा दुसऱ्याकडे ढकलला आणि विचारलं, "तुझे ते असेच गो?"

"असेच म्हण. फक्त आत पाणी असलेले."

"आणि हे एकमेकांशी बोलतात?"

"वास सोडतात म्हण. एकीचा वास दुसरीला गेला की ती पेटते, हिरवी."

"आणि नाही पेटली तर?"

सुमताय हसली. "त्यातच तर माझा एक अख्खा पावसाळा गेला. दुसरी काही केल्या पेटेना. मला वाटलं, निरोप पोचतच नाही. पाणी बदललं, अंतर कमी केलं, पहिलीला जास्त रेणू सोडायला लावले. काही नाही, काळोख. मग एकदा सहज तपासलं, तर त्या दुसरीच्या आत मी उलटा तुकडा घातलेला होता. निरोप आला की दिवा विझव, असं सांगणारा. ती काळोखी होती म्हणजे तिला सगळं पोचत होतं, वयनी! आणि मी आपली तिला बहिरी म्हणत बसलेली."

"मग चूक कोणाची?"

"वाचणाऱ्याची. पेटणं म्हणजे हो नव्हे, विझणं म्हणजे नाही नव्हे. आपण आधी काय विचारलंय त्यावर असतं ते."

अंगणातला सुपाऱ्यांचा आवाज थांबला होता. दादा मागच्या दारात येऊन उभा होता, हातात आडकित्ता. "मग डावी पाकळी पडली," तो म्हणाला, "तेव्हा प्रश्न काय धरला होता, ते कोणाला विचारलंस?"

मी सवयीने मान वळवली आणि सुरुवात केली, "सुमताय, तो विचारतो की..."

"ऐकलं मी, बाबल. तू गप्प." तिने दादाकडे बघितलं. "काय धरला होता?"

"हिला आडावची काय, असा. उजवी म्हणजे अडव. डावी म्हणजे अडवू नको."

हुमण उतू जायला आलं होतं, वयनीने जाळ कमी केला. मग सुमताय बोलली, आणि बोलली ती आमचीच सुमताय. "पण दादा, समई डावीकडे होती. पाकळी सुकून पडली. ते मी आजही म्हणेन."

"सुकूनच पडली," दादा म्हणाला. "समई मीच थंय ठेविल्ली."

त्या वर्षी देवळातल्या दिवाबत्तीची पाळी आमच्या घराकडे होती, हे मला तेव्हाही माहीत होतं. रोज सकाळी तेलाची बुदली घेऊन जाणाऱ्या दादाला मी बघत होतोच. पण दोन गोष्टी शेजारी ठेवून तिसरी काढणं हा माझा प्रांत नव्हे. काकी माणसांचं ऐकणार नव्हती, म्हणून दादाने देवीकडून बोलवून घ्यायचं ठरवलं होतं. डावीकडे समई, डावीला 'अडवू नको', आणि मग उठून मंडपाला सांगायचं की देवी पाठवा म्हणते. सरळ प्रश्न धरून उजवी पाडणं त्याला फार उघड वाटलं असावं. काकीने निमूटपणे मानलं असतं आणि सुमताय गावाच्या आशीर्वादाने गेली असती. सगळं ठरल्याप्रमाणे झालं. फक्त ते सांगायला तो उठतोय तेवढ्यात जिच्यासाठी समई हलवली तिनेच समईकडे बोट दाखवलं. त्यानंतर दादाने 'पाठवा' म्हटलं असतं तर सगळ्यांनी विचारलं असतं, समई कोणी ठेवली रे?

वयनीच्या हातातला डाव तसाच राहिला. "म्हणजे तुम्ही देवीला फसवलंत?"

"फसवलं कसं? तिला नको असतं तर तिने वारा सोडला असता. दार उघडं होतं."

"अरे पण घरी येऊन मला एकटीला तरी सांगायचं होतंस!" सुमतायचा आवाज चढला होता, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"सांगायला आलो होतो. तू तोंड फिरवून ट्रंक भरत होतीस."

"मी नाही, तू फिरवलं होतंस."

"तू."

"तू! बाबल होता तिथे. बाबल, कोणी फिरवलं होतं?"

मी नारळ किसत राहिलो. रेणूला मत विचारत नाहीत. शेवटी वयनी म्हणाली, "आधी जेवा दोघं, मग भांडा. बांगडे निवतात." मग दोघं जेवली. सुमताय चार घास जेवली, आणि त्यातल्या दोन घासांमध्ये तिने दादाला अजून एकदा सांगितलं की वाऱ्याचं ते काही शास्त्रीय नाही.

त्यानंतर घरात गोडीगुलाबीचा पूर आला असं कोणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. इतक्या वर्षांचं बोलणं साठलं की बाहेर येताना फार बारीकसारीक होऊन येतं. आज पेज पातळ झाली. केरीला मासे स्वस्त होते म्हणे. ती गोळी घेतलीस? जाळीत पाल अडकली आहे. मी दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा मला कोणी काही सांगायला सांगितलं नाही. मध्ये बसून नुसता चहा प्यायलो. जरा उपरं वाटलं, खोटं कशाला बोलू. नंतर सुमताय उठेनाशी झाली, बोलणंही तुटक झालं... आणि मग तो फोन.

परवा दादाकडे मुक्काम केला होता. सकाळी पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, सायकलवर भोंपू वाजवत आला. दादा फाटकाशी गेला आणि मागच्या खोलीच्या खिडकीच्या दिशेने चांगला मोठ्याने म्हणाला, "सुमती, उंडे घेऊ?" मी ओसरीवर होतो. वयनीकडे बघितलं, तिने खांदे उडवले. शेवटच्या दिवसांत त्यांचं तसं ठरलं होतं म्हणाली. तिला बोलायला त्रास पडे, म्हणून रोज पोळी घ्यायची, पोळी म्हणजे आमचा तो कोंड्याचा पोकळ पाव. उंडे, ते गोल कडक पाव, हवे असतील त्याच दिवशी तिने भिंतीवर टकटक करायची. दादा फाटकाशी उभा राहिला. पोदेरही एक पाय जमिनीला लावून थांबला, त्याला सवय झालेली दिसत होती. रस्त्यावरून एक ट्रक गेला, तो जाईपर्यंत दोघं थांबले, मग आणखी थोडं. मग दादा त्याला म्हणाला, "पोळी दी."

पाव घेऊन तो ओसरीवर आला तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "दादा, अरे आता कोण..."

"काय कोण?" पाव टोपलीत ठेवत तो म्हणाला. "उंडे हवे असते तर वाजवलं असतं."